नस दबली आहे, मालीश करू का?

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांचे शब्द वेगवेगळे असले, तरी त्यांच्या तळाशी बहुधा एकच प्रश्न असतो : ‘नस दबली आहे असे सांगितले आहे, तर मालीश करावी की करू नये?’ ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर त्याचे उत्तर भागत नाही, कारण कंबर धरणे, उसण भरणे, मणक्यात गॅप येणे आणि सायटिका हे चारही शब्द बोलताना एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, आणि मालीश करून देणारे अनेकजण त्यांतला फरक विचारतही नाहीत. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मालीश हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे आणि तिच्यावर माझा विश्वासही आहे. म्हणूनच ती कुठवर उपयोगी पडते आणि कुठे हात आवरता घ्यावा लागतो, हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

प्रश्न : माझी कंबर दुखते आणि कधीकधी कळ मांडीपर्यंत येते. ही सायटिका आहे का?

उत्तर : कळ पायात आली म्हणजे सायटिकाच, असे नाही. कण्यातून बाहेर पडणाऱ्या नसांच्या मुळांपैकी कमरेच्या शेवटच्या दोन आणि त्रिकास्थीच्या (कण्याच्या तळाशी असलेल्या तिकोनी हाडाच्या) वरच्या तीन मुळांतले तंतू एकत्र येऊन शरीरातली सर्वांत जाड नस तयार होते. ती नितंबातून मांडीच्या मागच्या बाजूने खाली उतरते आणि बहुधा गुडघ्याच्या थोडे वर दोन फाटे होऊन पावलापर्यंत जाते. तिच्या मुळाला त्रास झाला की सहसा एकाच पायात, गुडघ्याच्याही खाली जाणारी कळ, मुंग्या किंवा बधिरता येते, खोकताना-शिंकताना पायात चमक जाते आणि कमरेपेक्षा पायच जास्त दुखतो. यालाच सायटिका म्हणतात. कळ मांडीतच थांबत असेल, तर ती कमरेच्या स्नायूंतून, मणक्यांच्या लहान सांध्यांतून किंवा कधी खुब्याच्या सांध्यातूनही आलेली असू शकते. उतारवयात थोडे चालले की पाय भरून येणे आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरे वाटणे, ही मणक्यातली पोकळी अरुंद झाल्याची खूण असू शकते. पायांचा रक्तपुरवठा कमी पडला तरी चालताना पोटऱ्या अशाच दुखतात. या सगळ्यांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि सायटिका हे लक्षण आहे, निदान नव्हे, त्यामुळे आधी एकदा प्रत्यक्ष तपासून घ्या.

प्रश्न : मालीश करून सरकलेली गादी जागेवर बसते का?

उत्तर : नाही. दोन मणक्यांमधली चकती वरच्या आणि खालच्या मणक्याला चिवट तंतूंनी घट्ट जोडलेली असते. ती सुटून इकडेतिकडे सरकत नाही. होते असे की तिच्या बाहेरच्या कड्याला चीर पडते, आतला मऊ गर मागे फुगून येतो आणि शेजारच्या नसेच्या मुळाला टेकतो. दाबाइतकाच तिथे होणारा दाहही वेदनेला कारणीभूत असतो. त्या जागेच्या आणि मालीश करणाऱ्याच्या अंगठ्याच्या मध्ये त्वचा, चरबी, स्नायूंचे जाड थर आणि मणक्याच्या हाडाची कमान असते. अंगठा तिथे पोहोचत नाही, कोपरही पोहोचत नाही.

मग मालीश केल्यावर बरे का वाटते? दुखऱ्या भागाला जपण्यासाठी कमरेचे आणि नितंबाचे स्नायू आखडून बसलेले असतात. ते सैल झाले की हालचाल सोपी होते, झोप लागते, धास्ती कमी होते. हा उपयोग खरा आहे आणि तो मी रोज पाहते. पण बहुसंख्य रुग्णांची सायटिका सहा ते बारा आठवड्यांत बरीच उतरते आणि फुगून आलेला गर शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेते. त्या काळात जो उपचार चालू असेल, त्याच्या नावावर गुण जमा होतो, आणि ‘गादी बसवून दिली’ असे सांगणाऱ्यांचा धंदा याच आठवड्यांवर उभा आहे.

गॅपबद्दलही एकदा सांगून टाकते. चकतीतले पाणी कमी झाले की दोन मणक्यांमधली जागा कमी होते आणि एक्स-रेमध्ये तेच दिसते. म्हणजे गॅप ‘आलेली’ नसते, होती तीच कमी झालेली असते, आणि दाबून भरून काढण्यासारखे तिथे काहीही नसते.

प्रश्न : कोणत्या तेलाने मालीश करावी?

उत्तर : तुमच्या त्वचेला सोसेल त्या कोणत्याही साध्या तेलाने, तेलाचे काम हात सरकवण्याचे आहे, नसेपर्यंत मुरण्याचे नाही.

प्रश्न : लहान मुलाला पाठीवर उभे करून पाठ तुडवून घेतली तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, आणि हाडे ठिसूळ झालेल्यांनी किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनी तर अजिबात नाही, कारण अशा मणक्याला थोड्या भारानेही चीर पडू शकते.

प्रश्न : एमआरआयमध्ये तीन चकत्या फुगलेल्या दिसल्या आहेत. मला त्रास फारसा नाही, पण रिपोर्ट वाचल्यापासून मी वाकणेच सोडले आहे.

उत्तर : वाकणे पुन्हा सुरू करा. पाठदुखी नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा 2015 साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा विशीतल्या सुमारे 30 टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे 84 टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. केस पांढरे होतात तशा चकत्याही वयाबरोबर बदलतात. दुखणे, शक्ती, संवेदना आणि रिपोर्ट यांचा मेळ बसतो का, हे तपासणाऱ्याने पाहायचे असते. नुसता रिपोर्ट पाहून कोणी मालीश सुरू करत असेल किंवा शस्त्रक्रियेची तारीख देत असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या.

प्रश्न : वय 52. तीन महिने उजवा पाय कमरेपासून घोट्यापर्यंत ठणकत होता. एक दिवसाआड मालीश चालू आहे. गेल्या आठ दिवसांत दुखणे जवळजवळ गेले, पण चालताना चप्पल पायातून निसटते आणि जिन्यात बोटे अडखळतात. मालीशचा गुण आला असे समजावे का? उरलेली कमजोरी मालीशने भरून येईल का?

उत्तर : हे पत्र मी इतर पत्रांबरोबर ठेवू शकले नाही, या वाचकांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाण्यास कळवले आहे. तरीही उत्तर इथे देते आहे, कारण अशी पत्रे मला पुन्हा पुन्हा येतात आणि बहुतेक उशिराच येतात.

नसेच्या एकाच मुळातून वेदना, स्पर्श आणि हालचाल या तिन्हींचे निरोप जातात. दाब वाढत गेला की ती नस आधी ओरडते, म्हणजे दुखते. नंतर मुंग्या येतात, बधिरता येते, आणि शेवटी शक्ती जाऊ लागते. दुखणे कमी झाले, पाय हलका झाला, चालणे सुधारले, तर तो गुण आहे. दुखणे कमी झाले आणि त्याच वेळी पाऊल उचलेनासे झाले, तर तो गुण नव्हे; निरोप पोहोचवणारी वाटच बंद पडू लागल्याची ती खूण असू शकते.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ ‘आता दुखत नाही, फक्त पाठ जरा मोकळी करून द्या’ असे म्हणत माझ्याकडे आले. ते आत येताना फरशीवर त्यांचे उजवे पाऊल दर वेळी सपाट आपटल्याचा आवाज येत होता. दाराशी काढलेल्या चपला मी हातात घेऊन पाहिल्या : उजवीचे पुढचे टोक घासून कागदासारखे पातळ झाले होते, डावी जवळजवळ नवी होती. त्यांना टाचांवर उभे राहायला सांगितले, तर डाव्या पायाची बोटे वर आली आणि उजव्याची जमिनीवरच राहिली. त्याआधीचे सहा आठवडे त्यांनी मालीशमध्ये घालवले होते, आणि त्या सहा आठवड्यांत एकदाही कोणी त्यांना टाचांवर उभे केले नव्हते. पुढे त्यांची शस्त्रक्रिया झाली. पाऊल सुधारले, पण पूर्ववत झाले नाही. मालीशने त्यांचे नुकसान केले असे मी म्हणत नाही. मालीशने त्यांचे दिवस खाल्ले, आणि नसेच्या बाबतीत दिवस मोजूनच मिळतात.

म्हणून पायात कळ असलेल्या प्रत्येकाने रोज एवढे करून पाहावे. भिंतीचा आधार घेऊन टाचांवर दहा पावले चालावे, मग चवड्यांवर दहा पावले चालावे, आणि एकेका पायाचा अंगठा वर उचलून दोन्ही बाजूंची तुलना करावी. टाचांवर चालता न येणे हे बहुधा पाचव्या कंबर-मुळाचे, आणि एका पायाच्या चवड्यावर उभे राहता न येणे हे त्रिकास्थीच्या पहिल्या मुळाचे लक्षण असते. नव्याने फरक जाणवला, तर त्याच दिवशी मालीश थांबवून अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मज्जासंस्थेच्या शल्यविशारदाला गाठा. पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन थांबू नका.

याहून तातडीची गोष्ट एकच. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, गुदद्वाराभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला स्पर्श न कळणे, किंवा दोन्ही पायांत एकदम कळ आणि कमजोरी येणे, यांपैकी काहीही झाले तर रात्र असो वा सुट्टी, थेट रुग्णालयात जायचे. कण्याच्या खालच्या टोकाकडचा नसांचा झुपकाच दाबला गेल्याची ती लक्षणे आहेत आणि शस्त्रक्रिया पहिल्या 48 तासांत, शक्यतो त्याआधीच, व्हावी लागते. लघवीबद्दल बोलायला लोक संकोचतात आणि मालीश करणारा विचारत नाही. कृपया हा संकोच बाजूला ठेवा.

प्रश्न : एका केंद्राने 20 बैठकांचे पॅकेज सांगितले आहे. सगळे पैसे आधी भरले तर सवलत आहे आणि ‘मशीनने नस मोकळी करण्याची’ हमी आहे. घ्यावे का?

उत्तर : घेऊ नका. तुम्हाला तपासण्याआधी किती बैठका लागतील हे कोणालाही सांगता येत नाही, आणि हमी देणारा तर आणखी जपून पाहावा. मालीशबद्दलचा पुरावा मर्यादित आहे : 2015 साली 25 चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात पाठदुखीला थोड्या काळासाठी आराम मिळतो असे दिसले, पण त्या निष्कर्षाची खात्री कमीच असल्याचे आढावा घेणाऱ्यांनीच नोंदवले. ब्रिटनच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचना मालीशला व्यायामाच्या जोडीनेच जागा देतात. त्यामुळे चार-पाच बैठका घ्या, दर वेळचे पैसे दर वेळी द्या, आणि किती वेळ बसता येते, किती चालता येते, मोजा घालता येतो का, हे लिहून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत यात फरक नसेल, तर थांबून पुन्हा तपासून घ्या. आगाऊ पैसे भरलेला रुग्ण पाय बधिर होत असतानाही उरलेल्या बैठका संपवत बसतो, आणि माझी खरी हरकत त्यालाच आहे.

प्रश्न : मालीशनंतर दुसऱ्या दिवशी जास्त दुखते. ‘दुखले तरच नस सुटते’ असे सांगतात.

उत्तर : स्नायू दिवसभर हुळहुळणे चालेल. पण कळ पायात आणखी खाली उतरत असेल, मुंग्या वाढत असतील, तर तो दाब तुम्हाला सोसलेला नाही. कळ पायातून वर, कमरेकडे सरकणे हे सहसा चांगले लक्षण असते आणि खाली उतरणे वाईट. नितंबात कोपर रोवून घेऊ नका. ती नस तिथूनच जाते. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेल्यांनी मालीशबरोबरचा गरम शेकही डॉक्टरांना विचारूनच घ्यावा, कारण चटका बसलेला त्यांना कळत नाही.

प्रश्न : पूर्ण विश्रांती किती दिवस घ्यावी?

उत्तर : फार तर एक-दोन दिवस, त्यानंतर झेपेल तेवढे चालत राहावे.

प्रश्न : सायटिकामुळे वडील दोन आठवडे अंथरुणावर आहेत. आता एकच पोटरी सुजली आहे, गरम लागते आणि दाबल्यावर दुखते. तिला हलक्या हाताने मालीश करावी का?

उत्तर : हात लावू नका आणि आजच डॉक्टरांना दाखवा. पडून राहिल्याने पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट तातडीच्या विभागात न्या. जाताना आधीचे रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी बरोबर घ्या, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते सर्वांत आधी सांगा.