तोरो रोसो हा फॉर्म्युला वन संघ तरुण चालक घडवण्यासाठीच स्थापन झाला होता का?

होय, ऑस्ट्रियाच्या रेड बुल कंपनीने २००५ च्या अखेरीस इटलीतील फाएंझा येथील मिनार्डी हा संघ विकत घेतला, तो आपल्या प्रशिक्षण योजनेतील तरुण चालकांना फॉर्म्युला वनचा प्रत्यक्ष अनुभव मिळावा याच हेतूने, आणि २००६ च्या हंगामापासून तो तोरो रोसो या नावाने शर्यतींत उतरला. हा हेतू सफल झाल्याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे सेबास्टियान फेटेलने वयाच्या २१ व्या वर्षी, २००८ मध्ये इटलीतील मोंझाच्या ओल्या शर्यतमार्गावर तोरो रोसोला मिळवून दिलेला विजय. मिनार्डीला १९८५ पासूनच्या एकवीस हंगामांत एकदाही पहिल्या तिघांत येता आले नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या विजयाचे मोल कळते. पुढे डॅनियल रिकार्डो आणि १७ व्या वर्षी पदार्पण करणारा मॅक्स व्हर्स्टॅपन हेही येथूनच रेड बुलच्या मुख्य संघात गेले. मात्र नवोदितांना संधी देण्याची परंपरा रेड बुलने सुरू केली असे म्हणणे माझ्या मते मिनार्डीवर अन्याय करणारे ठरेल, कारण पुढे जगज्जेता ठरलेल्या फर्नांडो अलोन्सोचे २००१ मधील पदार्पण त्याच तुटपुंज्या साधनांच्या संघातून झाले होते.