आजीच्या लॉकरमधले सरदारी दागिने मुंबईत लिलावात द्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घराणं सरदारी, आजी गेल्यावर बँकेच्या लॉकरमधून तन्मणी, दोन चिंचपेट्या, नथ, कोंदणातला शिरपेच आणि प्लॅटिनमचा हिऱ्यांचा हार निघाला. भावंडं चार. लिलावात द्यावं, झवेरी बाजारात मोडावं, की थेट जिनिव्हाच्या लिलावाला पाठवावं?

मी तीस वर्षं दागिन्यांची किंमत ठरवण्याचं काम केलं, बहुतेक शेख मेमन स्ट्रीटवरच्या एका जिन्याखालच्या ऑफिसातून. त्यामुळे उत्तर थोडं बाजारी वाटेल, चालवून घ्या.

जिनिव्हाचं आधी सांगतो. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं उलटलेली कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. देशात विकायला आडकाठी नाही. तुमचा शिरपेच आणि तन्मणी बहुधा या रेघेच्या पलीकडे आहेत, म्हणजे गिऱ्हाईक इथलंच. प्लॅटिनमचा हार मात्र 1930 च्या आसपासचा असेल तर आज अलीकडे आहे, आणि चार-पाच वर्षांत पलीकडे जाईल. बाहेर पाठवायचाच असेल तर 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून काढावा लागतो. त्यांच्या मुंबई मंडळाचं कार्यालय शीवच्या किल्ल्यात आहे. 2019 साली न्यूयॉर्कमध्ये महाराजांच्या आणि मोगली दागिन्यांचा तो गाजलेला लिलाव झाला, सुमारे 10.9 कोटी डॉलरचा. तो कतारच्या राजघराण्याकडचा संग्रह होता, आपल्या लॉकरमधला नव्हे. त्या आकड्यांवरून घरात भांडणं लावून घेऊ नका.

निजामाचं उदाहरण जास्त जवळचं. विश्वस्तांना दागिने विकायचे होते, सरकार मध्ये पडलं, वर्षानुवर्षं कोर्टकचेरी झाली आणि 1995 मध्ये सरकारने 173 नग सुमारे 218 कोटींना घेतले. जगाच्या बाजारात त्यांचे कितीतरी जास्त आले असते असं तेव्हाही सगळे म्हणत होते. ते दागिने आपल्याच मुंबईत, रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत येऊन पडले.

आता लिलाव की झवेरी बाजार. झवेरी बाजारात जुन्या जडावाच्या दागिन्याचा हिशोब साधा असतो: आत भरलेली लाख वजा, खडे वजा, घट वजा, उरेल ते सोनं, त्या दिवसाचा भाव. यात कोणी फसवत नाही, ही त्यांची रीतच आहे. पण त्या तराजूत तुमची पणजी बसत नाही. लिलावात नेमकी तीच विकली जाते. 2018 मध्ये जिनिव्हात बूर्बाँ-पार्मा घराण्याचे दागिने निघाले. त्यातल्या फ्रान्सच्या राणी मारी आंत्वानेतच्या मोत्याच्या पदकाचा अंदाज 10 ते 20 लाख डॉलर होता आणि ते 3.6 कोटी डॉलरला गेलं. मोती तोच, पण राणीपासून आजच्या वारसापर्यंतचा माग तुटलेला नव्हता. आपल्याकडचं बघायचं तर त्र्यंबकेश्वरचा नासक हिरा. 1818 मध्ये पेशव्यांकडून इंग्रजांच्या हाती गेला, 1837 साली लंडनच्या लिलावात 7,200 पौंडांना विकला गेला, पैलू बदलत बदलत वजन मूळच्या निम्म्याखाली आलं, तरी त्याची ओळख पुसली गेली नाही.

हे मी स्वतः उशिरा शिकलो. नव्वदच्या दशकात कोकणातलं एक कुटुंब तन्मणी घेऊन आलं होतं. मोती पिवळट, आकाराने वेडेवाकडे. मी म्हटलं, खोड (मधलं पदक) ठेवा, मोती काढून टाका, त्यात काही नाही. त्यांनी ऐकलं. दोन वर्षांनी त्याच घरातले आजोबा स्टुडिओत काढलेला जुना फोटो घेऊन आले. त्यांच्या आईच्या गळ्यात तोच तन्मणी, आणि फोटोमागे शाईने गाव आणि साल. मोती बसऱ्याचे होते, म्हणजे आखातातले अस्सल नैसर्गिक, मोलाचे. आजोबा काही बोलले नाहीत, चहा घेऊन गेले. मला अजून तो चहा आठवतो.

म्हणून दागिन्यांआधी कागद शोधा. लग्नातले फोटो, रुखवताची यादी, वाटणीपत्र, जुन्या सराफाच्या पावत्या. सुवर्ण नियंत्रण कायदा 1968 ते 1990 होता. ठराविक मर्यादेपेक्षा जास्त सोनं असलेल्या घरांना तेव्हा ते सरकारकडे जाहीर करावं लागे. तशी प्रत सापडली तर ती सोन्याइतकीच जपा. संपत्तीकर 2015 पर्यंत होता. आजोबा तो भरत असतील तर त्यांच्या सीएच्या जुन्या फायलीत दागिन्यांची वर्णनासकट यादी मिळू शकते. मुंबईत लिलाव करणाऱ्या दोन-चार नावाजलेल्या संस्था आहेत, प्रभादेवी, बॅलार्ड इस्टेट, काळा घोडा भागात. त्यांचा माणूस दागिना बघतानाच हे कागद विचारेल.

आणि कृपा करून काही धुऊ नका. रिठ्याचं पाणी नको, टूथपेस्ट तर नकोच. कोंदणातल्या खड्यामागे चकाकीचा पातळ वर्ख असतो. पाणी शिरलं की तो काळा पडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. नथ पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवूनही घेऊ नका. जुन्या नैसर्गिक मोत्यांत चार कल्चर्ड (शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले) मिसळले की प्रयोगशाळेचा अहवाल बिघडतो. मोत्यांची क्ष-किरण तपासणी वांद्रे-कुर्ला संकुलात होते, ती लिलावाआधी करून घ्याच.

करार करताना राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही ती, लेखी हवी. हातोडीची किंमत (शेवटची बोली) म्हणजे तुमच्या हातातली रक्कम नव्हे. त्यातून कमिशन, फोटो, विमा कापले जातात. हे आकडे घासाघीस करून खाली येतात, लाजू नका. राखीव किंमत हावरटपणे चढवू मात्र नका. न विकलेला नग मुंबईत सगळ्यांनी पाहिलेला असतो, पुढची दोन-तीन वर्षं त्याला कोणी हात लावत नाही.

करही आहे. वारशाने आलेल्या जुन्या दागिन्यासाठी 1 एप्रिल 2001 ची बाजारकिंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते (तेव्हा सोनं दहा ग्रॅमला पाच हजारांच्याही खाली होतं), आणि वाढीव फायद्यावर साडेबारा टक्के. नोंदणीकृत मूल्यांककाचा त्या तारखेचा दाखला घ्या. चौघांच्या सह्या सुरुवातीलाच घ्या, अमेरिकेतल्या बहिणीचीही. कॅटलॉग छापल्यावर आलेला हरकतीचा ईमेल मी दोनदा पाहिला आहे.

माझं मत विचाराल तर शिरपेच, तन्मणी आणि हार लिलावात, तेही कागद सापडले तरच. चिंचपेट्या मुलींना द्या, त्यांना लिलावात फारसं काही येत नाही आणि गळ्यात छान दिसतात. नथेचं मोत्यांचा अहवाल आल्यावर ठरवू. इथे फोटो टाकणार असाल तर पाठीच्या बाजूचेही टाका. शिरपेचामागे मिना (रंगीत मुलाम्याचं काम) आहे का, ते मला आधी बघायचंय.