घाटात गाडी तापून काटा लालवर गेला, तर लगेच रेडिएटरमध्ये पाणी ओतावं का?

नाही, अजिबात नको. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, किमान अर्धा तास थांबा. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्याही वर तापलेलं असतं. झाकण सैल होताच वाफेसकट उसळतं. कसारा घाटात माझ्या भावाने जाड फडकं धरून झाकण फिरवलं, तरी कोपरापर्यंत हात भाजला. कृपा करून घाई करू नका.

गार झाल्यावर कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. गाडीखाली ओलं असेल तर बहुधा होज पाइप गेलाय. ओलं नसेल तर पंख्याचा फ्यूज तपासा, पुष्कळदा तोच उडालेला असतो. साधं पाणी गॅरेजपर्यंत चालतं, पुढे कूलंटच भरा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३ लावा.