खर्च मंडळाचा, गुडघा खेळाडूचा

प्रश्न : सांगली जिल्ह्यात माझे लहानसे फिजिओथेरपी क्लिनिक आहे. गुडघ्याच्या एसीएल अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेला २१ वर्षांचा एक कबड्डीपटू माझ्याकडे व्यायामासाठी येतो. त्याची फी त्याचे क्रीडा मंडळ भरते. शस्त्रक्रियेला सहा महिने झाले असून पाय अजून पुरेसा सावरलेला नाही. तरीही पुढच्या महिन्यातील स्पर्धेत उतरण्याचा त्याचा हट्ट आहे आणि ‘सरांना काही सांगू नका’ अशी गळ त्याने घातली आहे. इकडे प्रशिक्षक वारंवार फोन करून चौकशी करतात आणि ‘पैसे आम्हीच भरतो ना’ असेही ऐकवतात. मी काय करावे?

उत्तर : फी मंडळ भरत असले, तरी आपला रुग्ण तो खेळाडूच आहे आणि तो सज्ञान असल्यामुळे आपल्या गुडघ्याविषयी कोणाला काय कळू द्यायचे, हे त्यानेच ठरवायचे आहे. मंडळाला पावती मिळावी. मांडीच्या स्नायूंची ताकद किती परतली, सांध्यावर सूज येते का, हे जाणून घेण्याचा हक्क पावतीबरोबर मिळत नाही.

मात्र गप्प राहणे आणि खोटे बोलणे यांत अंतर आहे. प्रशिक्षकांना ‘त्याच्या संमतीशिवाय मला बोलता येणार नाही, आपण त्यालाच विचारावे’ एवढेच सांगावे. फोन लवकर ठेवता यावा म्हणून ‘तसे सगळे ठीक आहे’ असे म्हणू नये. मंडळाने तंदुरुस्तीचा दाखला मागितला, तर खेळाडूने कितीही विनवणी केली तरी आपल्याला न पटणारा दाखला देऊ नये. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद स्थापन झाली आहे आणि तिच्याकडील नोंदणी आपल्या नावावर आहे, त्यामुळे त्या सहीचा जाबही आपल्यालाच द्यावा लागेल.

गोपनीयतेला अपवाद नाही असे नव्हे. विवाह ठरलेल्या एका एचआयव्हीबाधित रुग्णाच्या प्रकरणात, दुसऱ्याच्या आरोग्याला धोका असेल तर ही गोपनीयता निरपवाद राहत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटले होते. येथे धोका खेळाडूच्या स्वतःच्याच गुडघ्याला आहे. तेव्हा ‘त्याच्याच भल्यासाठी’ म्हणून प्रशिक्षकांच्या कानावर घालण्याचा मोह माझ्या मते आवरलेला बरा.

आपली खरी ताकद त्या खेळाडूशी बोलण्यात खर्च व्हायला हवी. जमिनीवर पट्टी चिकटवून त्याला आधी चांगल्या आणि मग शस्त्रक्रिया झालेल्या पायावर, एकाच पायाने लांब उडी मारायला लावा आणि दोन्ही अंतरे त्यालाच मोजू द्या. दुसरे अंतर पहिल्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंतही पोहोचत नसेल, तर चढाईत बचावपटूंनी घोटा पकडल्यावर अंगाला पीळ देऊन निसटताना त्या गुडघ्याचे काय होईल, हे फार समजावत बसावे लागणार नाही. नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच वाढतो, हेही त्याला स्पष्ट सांगावे आणि ही चर्चा त्याच्या नोंदीत तारखेसह लिहून ठेवावी. अनेकदा खेळाडूला गुडघ्यापेक्षा संघातील जागा जाण्याची भीती अधिक असते. तसे असेल तर ‘अद्याप सामना खेळू नये’ एवढेच वाक्य मंडळाला कळवण्याची लेखी संमती त्याच्याकडून मागावी. बाकीचा तपशील कळवण्याची गरज नाही. यापुढे फी दुसरा कोणी भरणार असेल, तर कोणाला काय कळवायचे हे पहिल्याच दिवशी दोघांसमोर ठरवून घ्यावे.

जाता जाता एक. आपल्याकडील बहुतेक क्लिनिकांत दोन खाटांमध्ये केवळ एक पडदा असतो आणि शेजारी शेक घेत पडलेल्या माणसाला ऐकण्याखेरीज दुसरे काम नसते. तालुक्याच्या गावात त्याचा भाऊ त्याच मंडळात खेळत असण्याची शक्यता कमी नाही. तेव्हा ही सारी बोलणी आतल्या खोलीत, दार लावून करावीत.