नाटकात त्या काळचा समाज खरंच दिसतो, की सगळं लेखकाच्या डोक्यातलं असतं?

दिसतो. आमच्या घरच्यांना तर इतका दिसला की पुढचे तीन दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही.

२००१ मधली गोष्ट. देशपांडे सभागृहात 'वाडा चिरेबंदी'चा प्रयोग होता. नाटककार महेश एलकुंचवार आपल्या नागपूरचे, म्हणून मी हट्टानं सगळ्यांना नेलं. आई, बाबा, शिवाय काटोलकडच्या गावाहून आलेले मोठे बाबा आणि आत्या. नाटक १९८५ चं. घरचे कर्ते तात्याजी गेलेत, दारात ट्रॅक्टर गंजतोय, ऐपत नाही तरी तेरवी थाटात व्हायला पाहिजे. आमच्या दारात ट्रॅक्टरच्या जागी ऑइल इंजिन होतं, एवढाच फरक. मोठे बाबा मध्यंतरात चहाला गेले ते आत आलेच नाहीत, स्कूटर स्टँडजवळ उभे राहिले. आत्या जागची हलली नाही. शिक्षण राहून गेलेली, लग्न न झालेली तात्याजींची मुलगी प्रभा बोलायला लागली की ही पदराचं टोक चावायची. परतताना रिक्षात एवढंच म्हणाली, "हे त्याले कोनं सांगतलं असन?"

मोठे बाबांचं मत, "नाटकवाल्यांना खेड्यातलं काय समजते? आपल्या घरी असं नाही." हे कोण म्हणतंय? १९९८ ला आजोबांच्या तेरवीच्या आधीच ज्यांनी आत्याची हक्कसोडपत्रावर, म्हणजे जमिनीतला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही घेतली, ते. १९९४ पासून महाराष्ट्रात अविवाहित मुलीला वडिलोपार्जित जमिनीत भावाइतका वाटा होता. पण "तिले काय करायचं वावराचं!"

म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीच्या लग्नावरचं देवलांचं 'शारदा' रंगभूमीवर आलं १८९९ ला, मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरवणारा कायदा आला १९२९ ला. प्रभा १९८५, वाटा १९९४. मोजून बघा.

हां, नाटकांमुळे कायदे झाले असं मी म्हणत नाही. आणि सगळा समाजही एका नाटकात मावत नाही. 'वाडा' नाटकातल्या देशपांडे कुटुंबाच्या घरातला आहे, त्यांच्या वावरात राबणाऱ्यांचा नाही. त्यासाठी हिवाळ्यात गडचिरोलीतल्या वडश्याकडं झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यातली, रात्रभर चालणारी नाटकं बघा. मी दोनच पाहिलीत, त्यातलं एक भयंकर रडकं होतं.

परीक्षेसाठी विचारत असाल तर संहिता वाचून भागेल. नाहीतर प्रयोगाला घरातल्या एखाद्या आत्याला सोबत न्या. आणि तिच्यापुढं कोणी हक्कसोडपत्र ठेवलं तर आधी सातबारा काढा. आम्ही नाही काढला. मोठे बाबा काही हे वाचत नाहीत, पण त्यांचा मुलगा इथं असतो. वाच रे.