आळीतल्या पंधरा घरांविषयी

वसई, १५ जानेवारी २०२२

प्रिय बाय,

तुझा मेसेज रात्री वाचला. आपल्या धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या परिसरातल्या, कोरोना मदतकार्याची जबाबदारी फादरांनी तुझ्यावर टाकली, बरं वाटलं. तू विचारलंस, ‘सर, शिध्याचं किट किती रुपयांचं करू?’ त्या प्रश्नाकडे येतो, पण आधी माझी एक चूक ऐक.

२०२० च्या मार्चमध्ये बंद झालेली चर्चची दारं १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याच्या दिवशी उघडली. नंतर दोन आठवड्यांत नाताळच्या तयारीचा आगमन काळ लागला आणि आम्हाला वाटलं, आता सगळं मार्गावर येणार. मग नाताळचे नियम आले. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, पन्नासच माणसं, साठीच्या वरच्यांनी आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी घरीच थांबावं. शिवाय २२ डिसेंबरपासून महापालिका हद्दीत रात्रीची संचारबंदी. आम्ही मोबाइलवर नावनोंदणी ठेवली. ज्यांची बोटं चपळ, त्यांच्या जागा पक्क्या. बाकीच्यांसाठी मिस्सा यूट्यूबवर होतीच. किती जण बघतायत तो आकडा आम्ही दर पाच मिनिटांनी पाहायचो आणि खूश व्हायचो. मास्तरकी केलेल्या माणसाला आकड्यांचा मोह सुटत नाही, काय करणार.

जानेवारीत सहज आळीच्या टोकाला गेलो. तिथं राहणारी आजी, तू ओळखशील म्हणून नाव लिहीत नाही, रोज सकाळच्या मिस्साला पहिल्या बाकावर असायची. तिच्याकडे बटणांचा फोन. घरात तांदूळ होता, बागेतली केळी होती, उपाशी नव्हती. मला बघून म्हणाली, “सर, पटावरनं माझं नाव काढलंत का?” आगमन काळाच्या पहिल्या रविवारपासून तिच्या ओसरीला कुणाचे पाय लागले नव्हते. आमच्या यादीत ती ‘गरज नाही’ या रकान्यात होती.

म्हणून माझं पहिलं सांगणं: एका कार्यकर्त्याला पंधरा घरं दे, जास्त नको. आणि माणूस बदलू नकोस, दर वेळी तोच जाऊ दे. आठवड्यातून दोनदा, मास्क लावून, अंगणात उभं राहून दहा मिनिटं. ‘काही हवंय का?’ असं विचारायचं नाही. आपल्याकडे त्याचं उत्तर ‘काही नको’ असंच येतं. काल जेवायला काय केलं होतं, बाजार कोण आणतं, प्रेशरच्या गोळ्या किती दिवसांच्या उरल्या, असं विचारायचं. आजारपण लपवणारं घर गोळ्यांवरून कळतं.

बंगला बघून घर वगळू नकोस. आपल्या कित्येक घरांचा रोजचा पैसा बायकांच्या टोपलीतून येतो. पहाटेच्या लोकलने भाजी आणि फुलं घेऊन दादरला जायचं आणि रोख घेऊन परतायचं. २२ मार्च २०२० ला लोकल थांबल्या. जूनमध्ये सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. ऑक्टोबरात बायकांना मुभा मिळाली, पण दुपारी आणि रात्री; पहाटेच्या लोकलसाठी टोपलीवाल्या पुढच्या १ फेब्रुवारीपर्यंत फलाटाबाहेरच राहिल्या. घरावर मंगलोरी कौलं, गेटला नक्षी आणि डब्यात चहाची साखर नाही, अशी घरं मी पाहिली. त्यांना किट दिलं असतं तर अपमान वाटला असता. आम्ही त्यांची भाजी आळीतच विकून दिली, तेवढं पुरलं. आज लशीचे दोन डोस झालेल्यालाच लोकलचा पास मिळतो. एखादी काकी दुसरा डोस टाळत असेल तर तिला विज्ञान समजावत बसू नकोस, स्कूटरवर केंद्रावर ने. तिचा धंदा त्यावर अडकलाय.

ऑक्सिमीटर फिरवणार असशील तर एक सांगतो. सकाळच्या थंडीत गार पडलेल्या बोटावर यंत्र चुकतं. हात चोळून, नखांचा रंग काढून, पाच मिनिटं शांत बसवून मग आकडा घ्यायचा. चौऱ्याण्णवच्या खाली दिसला तर वाट बघायची नाही, सरळ डॉक्टर. आणि गायनमंडळाच्या पोरांना नाराज करायची तयारी ठेव. गाताना बोलण्यापेक्षा श्वासाबरोबर जास्त कण बाहेर पडतात आणि बंद जागेत ते साचतात. त्यांना आळीच्या क्रुसापाशी, मोकळ्यावर, अंतर ठेवून गाऊ दे.

आता महामार्गाच्या पलीकडच्या वीटभट्ट्या. दिवाळी झाली की कातकरी, वारली कुटुंबं तिथं उतरतात. मालकाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, त्यामुळे आजारी पडलं तरी काम सोडून जाता येत नाही. तिथं थेट टेम्पो नेऊ नकोस. आधी मुकादमाशी बोल, पण यादी त्याच्याकडून घेऊ नकोस, झोपड्या स्वतः मोज. किटमध्ये प्रार्थनेचं पत्रक घालायचा हट्ट आपल्यातले काही जण धरतील. मी तेव्हा साफ नकार दिला होता, दोन महिने बोलणी खाल्ली, आणि आजही माझं मत तेच आहे. भुकेल्या माणसाच्या हातात पिशवीबरोबर पत्रक दिलं तर तो नाही म्हणू शकत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्यापुढे आपला विश्वास ठेवण्यात कसला पराक्रम? फोटोही नकोत. देणगीदारांना किराणावाल्याची पावती दाखव.

किटचं म्हणशील तर रक्कम ठरवण्याआधी एका भट्टीवर जाऊन बायकांना विचार. आम्ही तूरडाळ नेली होती. एकीने पिशवी उघडून पाहिली आणि विचारलं, “सुकट नाही आणली?” पुढच्या खेपेला नेली. डाळीला जळण फार लागतं, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

अंत्यविधीला सध्या वीसच माणसं. बाकीच्यांना वाईट वाटतं, त्या दिवशी सगळे फोन करतात. तू तिसऱ्या आठवड्यात जा. तोवर फोन थांबलेले असतात.

शनिवारी संध्याकाळी ये, तेव्हाच्या घरांच्या नोंदींची वही देतो. शेवटची चार पानं पावसात भिजली, नावं पुसट झालीत. ती तोंडी सांगेन, लिहून घ्यायला पेन आण. ओट्यावरच बसू, घरात तुझ्या बाईंना दमा आहे.

तुझे सर