सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य उपक्रम सुरू करताना पहिले पाऊल कोणते असावे?

कार्यालयात आरोग्य उपक्रमाची सुरुवात कशाने करावी, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते तपासणी शिबिर किंवा योगवर्ग यांच्या आधी कामाचे स्वरूप तपासले पाहिजे. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांवर १९६७ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वरिष्ठांपेक्षा बरेच जास्त आढळले, आणि १९८५ मध्ये हाती घेतलेल्या दुसऱ्या अभ्यासाने स्वतःच्या कामावर फारसे नियंत्रण नसणे व हृदयविकार यांचा संबंध दाखवून दिला.

म्हणून नियोजन समितीत लिपिक, शिपाई आणि चालक यांना स्थान द्यावे. खिडकीवर सकाळपासून रांगेला तोंड देणारा लिपिक उठावे लागू नये म्हणून पाणीसुद्धा कमी पितो. त्याला दर दोन तासांनी दहा मिनिटांसाठी बदली माणूस मिळाला, तर तो कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोठा आधार ठरेल.

रक्तदाब व रक्तशर्करेची तपासणी वर्षातून एकदा कार्यालयीन वेळेतच व्हावी. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायामाची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सर्वांना सांगावी, सक्ती मात्र करू नये.

सर्वांत नाजूक बाब गोपनीयतेची आहे. तपासणीचा किंवा समुपदेशनाचा तपशील वरिष्ठांकडे जाईल आणि बढतीच्या वेळी आडवा येईल, अशी नुसती शंका आली तरी कर्मचारी पुढे येत नाहीत. त्यामुळे नोंदी बाहेरच्या वैद्यकीय पथकाकडे ठेवाव्यात, विभागप्रमुखांना केवळ एकत्रित आकडे द्यावेत आणि हे लेखी परिपत्रकाने आधीच जाहीर करावे.